जिनिंगमधल्या नव्या क्वालिटी इनचार्जला

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी दाबणारा कारखाना) डिप्लोमा झालेला एक मुलगा दसऱ्यापासून 'क्वालिटी इनचार्ज' म्हणून लागला आहे. मालक म्हणतात, आयएसओचं सर्टिफिकेट (काम ठरलेल्या पद्धतीनं होतं याचा दाखला) मिळवून टाकू. हेडफिटर म्हणतो, हा सगळा कागदाचा धंदा आहे. मुलाला हवंय ते इतकंच: हे क्वालिटी मॅनेजमेंट आलं कुठून, आणि कापसाच्या धंद्यात त्यानं रोज उठून करायचं काय?

मी या कामात 31 वर्षं काढली. सुरुवात सूतगिरणीच्या टेस्टिंग लॅबमध्ये झाली, नंतर जिनिंगमध्ये आलो. त्यामुळं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

हेडफिटरचं बोलणं मनावर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. त्यानं जे पाहिलं तेच तो सांगतोय. पण कागद या गोष्टीत फार उशिरा आला. त्याआधी दीडशे वर्षं एकच भांडण चाललं होतं, ते म्हणजे दोष पकडायचा कुठं? गिऱ्हाइकाच्या हातात, कारखान्याच्या दारात, मशीनपाशी, की मशीनच्याही आधी? बाकी सगळी नावं, तक्ते आणि सर्टिफिकेटं या भांडणातून निघाली.

आपल्या कापसापासूनच सुरू करू. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला भाव आला. भावाबरोबर भेसळही आली. रुईत सरकी, माती, वरून पाणी. मुंबई इलाख्यात 1863 साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला, इन्स्पेक्टर नेमले गेले. पुढं काही वर्षांनी तो सगळा खटाटोप मोडीत निघाला. दारात माणूस बसवला की लबाडी थांबत नाही, ती फक्त दुसऱ्या दारानं जाते, हे तेव्हाच दिसलं होतं. त्यापेक्षा मला 1925 चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा मोठा वाटतो. त्यानं सांगितलं की दाबलेल्या प्रत्येक गठाणीवर त्या प्रेसचा मार्क आणि अनुक्रमांक पाहिजे. म्हणजे खराब गठाण कुठंही उघडली तरी तिचं मूळगाव सापडलं पाहिजे. तुमच्या प्रेसवर आज गठाणीला जो नंबर पडतो, तो कंटाळा करून टाकू नका.

आता अमेरिकेतला एक माणूस, तोही कापसाचाच. एली व्हिटनी. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याला 1794 साली मिळालं. (ते दातेरी सॉ जिनचं मूळ, तुमच्याकडं चालतात ते दोन रोलरवाले डबल रोलर जिन, घराणं वेगळं.) त्याच माणसानं 1798 साली अमेरिकी सरकारकडून 10,000 बंदुका करून द्यायचा ठेका घेतला. बोली अशी की सगळ्या बंदुकांचे भाग सारखे, कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसेल. दोन वर्षांचं काम त्यानं 1809 पर्यंत लांबवलं आणि भागही खरे तसे बसत नव्हते, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण कल्पना टिकली. आपल्या गावचा लोहार वखराची पास करायचा ती त्या एका वखरासाठी. दुसऱ्याच्या वखराला ती बसली नाही तर त्याला कोणी दोष देत नसे. 'हा भाग बरोबर आहे' हे ठरवायला त्याच्याकडं वखर होतं. कारखान्याकडं वखर नसतं, माप असतं. मापात किती इकडंतिकडं चालेल हे लिहावं लागलं, आणि तपासणी नावाचं वेगळं काम जन्माला आलं.

पुढचा टप्पा मी पटकन उरकतो, कारण त्यात मला फारसं प्रेम नाही. फ्रेडरिक टेलरनं 1911 च्या सुमारास मांडलं की विचार करणारे वेगळे आणि हात चालवणारे वेगळे. 1913 साली फोर्डच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली. कामगारानं फक्त नट पिळायचा. तो नीट पिळला की नाही हे बघायला दुसरा माणूस. उत्पादन अफाट वाढलं हे खरं. पण ज्याच्या हातून वस्तू घडते त्याला तिच्या चांगल्या-वाईटाशी देणंघेणं राहिलं नाही, ही सवय तिथली. आपल्या जिनिंगांत ती अजून आहे. "ते क्वालिटीवाल्याले विचारा."

खरी गंमत 1924 साली झाली. टेलिफोनची उपकरणं करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तिथं वॉल्टर शेवार्ट नावाचा भौतिकशास्त्राचा माणूस काम करायचा. 16 मे 1924 रोजी त्यानं आपल्या साहेबाला एक छोटंसं टिपण दिलं, त्यात एक आलेख काढला होता. मधे एक रेघ, वर एक, खाली एक. आज जगभर ज्याला कंट्रोल चार्ट म्हणतात तो हाच.

त्यामागचा विचार पोस्टरवरून कळत नाही, घरातल्या चुलीवरून कळतो. तुमच्या आईनं थापलेल्या दहा भाकरी बघा. एकच हात, एकच पीठ, तरी एकीसारखी दुसरी नाही. एखादी थोडी जाड, एखादी कडेला जरा चिरलेली. त्यावरून कोणी आईला बोलत नाही, आणि बोलून काही होणारही नाही. पण एखाद्या दिवशी थापतानाच भाकर तुटायला लागते, एकामागून एक. तेव्हा आई हात बदलत नाही, ती म्हणते, पिठाची विरी गेली. फरकाच्या या दोन जाती आहेत. पहिला फरक त्या कामातच मुरलेला असतो. दुसरा बाहेरून आलेला असतो आणि त्याचं कारण शोधून सापडतं. शेवार्टनं वरची आणि खालची रेघ काढली ती या दोघांना वेगळं करायला. रेघांच्या आत आकडे कसेही नाचू देत, हात लावू नका. एखादा आकडा रेघेबाहेर गेला की मात्र जेवण सोडून उठा.

हे जिनिंगमध्ये कुठं लागतं सांगतो. आमच्याकडं एक फार हुशार फिटर होता. रुईत जरा कचरा वाढला, कोणी नुसतं तोंड वाकडं केलं, की हा पाना घेऊन रोलर आणि चाकूमधलं अंतर बदलायचा. सकाळी इकडं, दुपारी तिकडं. त्याला वाटायचं आपण केवढे जागरूक. मी महिनाभर प्रत्येक पाळीचं ट्रॅश, म्हणजे रुईतला कचरा, वहीत टिपलं आणि त्यानं जिनला हात लावला त्या त्या वेळी फुली मारली. फुल्यांनंतर आकडे सुधारत नव्हतेच, उलट जास्त उड्या मारत होते. पाना कुलपात ठेवला आणि सेटिंग फक्त रोलरला खाचा मारायच्या वेळी करायचं ठरलं, तेव्हा आलेख शांत झाला. फिटर चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

शेवार्टच्याच कामातून पुढं नमुना काढून तपासायची शास्त्रशुद्ध पद्धत वाढली. डॉज आणि रोमिग या दोघांनी बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत त्याचे तक्ते केले, आणि दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या खरेदीसाठी ती पद्धत अमेरिकी सैन्यानं उचलली. काडेपेटीतली प्रत्येक काडी ओढून बघितली तर विकायला काय उरेल? गठाणीतून नमुना काढताना तुम्ही हेच करता. फक्त तो एकाच बाजूनं, हाताला येईल तिथून काढू नका.

आता डेमिंग. एडवर्ड्स डेमिंग हा शेवार्टचा शिष्यच म्हणायचा. युद्धानंतर जपानच्या शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघटनेनं त्याला 1950 च्या उन्हाळ्यात व्याख्यानांना बोलावलं. व्याख्यानांच्या छापील प्रतींचं मानधन त्यानं घेतलं नाही. त्या पैशातून 1951 पासून डेमिंग पारितोषिक सुरू झालं. 1954 साली जोसेफ जुरान तिथं गेला. त्यानं इंजिनिअरांना बाजूला ठेवून थेट मालक-मॅनेजरांना सांगितलं की हे काम तुमचं आहे. 1962 पासून इशिकावा यांच्या पुढाकारानं कामगारांची छोटी मंडळं सुरू झाली, क्वालिटी सर्कल म्हणतात ती. जपानी माल म्हणजे तकलादू माल अशी जी ओळख होती, ती वीस-पंचवीस वर्षांत उलटी झाली.

डेमिंगचा एक खेळ मी आमच्या जिनिंगच्या शेडमध्ये केला होता. तो लाल आणि पांढरे मणी वापरायचा, मी वाटाणे आणले. पाच किलो पांढरे वाटाणे, त्यातला पाचवा हिस्सा लाल ऑइलपेंटमध्ये बुडवून वाळवलेला. सुताराकडून एक फळी करून घेतली, तिला 50 खळगे. डब्यात फळी खुपसायची, हलवायची, बाहेर काढायची. प्रत्येक खळग्यात एक वाटाणा. लाल म्हणजे खराब माल. सहा कामगार उभे केले, मालक खुर्चीवर. पहिल्या फेरीत कोणाला 9 लाल आले, कोणाला 11, एकाला 14, एकाला 6. मालकांनी 6 वाल्याची पाठ थोपटली, 14 वाल्याला म्हणाले, लक्ष देऊन काम कर. दुसऱ्या फेरीत 6 वाल्याला 13 आले आणि 14 वाल्याला 8. मालक म्हणाले, बघा, बोलल्यावर सुधारतो माणूस.

तेव्हा तो 14 वाला, नेरकडचा हमाल, म्हणाला, "सायेब, डब्यात लाल टाकले तुमी, अन् बोलणं मले कायले?"

शेडमध्ये हशा पिकला. मालकही हसले, जरा उशिरा. मग मी हिशेब मांडून दाखवला. 50 खळगे, पाचात एक लाल, म्हणजे सरासरी 10. त्या भोवतीचा नैसर्गिक खेळ काढला तर 2 ते 18 मधलं काहीही येऊ शकतं. 6 आणि 14 मध्ये कौशल्याचा किंवा आळसाचा काडीचा संबंध नाही. लाल कमी करायचे तर डबा बदलावा लागतो, आणि डबा बदलायचा अधिकार खुर्चीवर बसणाऱ्याकडं असतो.

इथं मनाला लागणारी एक गोष्ट सांगतो. शेवार्ट स्वतः 1947-48 मध्ये भारतात आला होता, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून, म्हणजे डेमिंगच्या जपानमधल्या त्या व्याख्यानांच्या आधी. त्यांची कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट 1931 पासून होती. भारतीय मानक संस्था 1947 सालीच निघाली. त्याच वर्षी अहमदाबादला कापडगिरण्यांची अटिरा ही संशोधन संस्था निघाली, आणि गिरण्यांत आलेख लागायला लागले. विद्या आपल्या अंगणात आली होती. मग झालं काय? माझं मत विचाराल तर मालाची टंचाई झाली. जे बनेल ते खपत होतं. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणारं गिऱ्हाईक असेल तर डब्यातले लाल वाटाणे मोजतो कोण? 1991 नंतर बाहेरचा माल आला तेव्हा धावपळ सुरू झाली. 1998 साली सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळालं, भारतातलं पहिलं.

टोयोटाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, पण मोटारीच्या आधी ते घराणं मागाचं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. साकिची टोयोडानं 1924 साली असा स्वयंचलित माग पुरा केला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. थांबणारा माग म्हणजे एका बाईला अनेक माग सांभाळता येतात आणि तुटक्या धाग्याचं कापड विणलंच जात नाही. पुढं टोयोटाच्या मोटार कारखान्यात कोणत्याही कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क मिळाला तो याच विचारातून. दोष पुढं जाऊच द्यायचा नाही. तुमच्याकडं कन्व्हेअरवर प्लास्टिक वेचणाऱ्या बायांना पट्टा थांबवायचं बटण आहे का? बघून घ्या. बहुतेक ते मुकादमाच्या खुर्चीजवळ असतं.

प्लास्टिकवरून आमची एक फजिती सांगतो. दक्षिणेतल्या एका गिरणीनं आमच्या 100 गठाणींच्या लॉटवर तक्रार केली. सोबत फोटो, रुईत निळे-पांढरे प्लास्टिकचे धागे. असा धागा पिंजताना बारीक बारीक तुकडे होऊन सुतात जातो, आणि रंगाई झाल्यावर कापडावर न रंगलेला ठिपका बनून उठतो. तोवर पैसे कापायला गिऱ्हाईक मोकळं. मालकांचा पहिला हुकूम, वेचणाऱ्या आणखी आठ बाया लावा. म्हणजे दारात आणखी इन्स्पेक्टर. 1863 चाच कायदा!

मी बायांना एक रिकामा तेलाचा डबा दिला. जे निघेल ते फेकू नका, यात टाका. दहा दिवसांनी डबा ताडपत्रीवर उलटा केला आणि ढीग लावले. केस, गुटख्याच्या पुड्या, सुतळी, कोंबडीची पिसं, एक लहान मुलाची टिकटिकी. पण निम्म्याहून मोठा ढीग एकाच जातीचा, खताच्या पोत्यांचे धागे. मूठभर कारणांनी बहुतेक नुकसान होतं, हे जुराननं सांगून ठेवलंय. ताडपत्रीवर ते डोळ्यांनी दिसलं.

पोतं येतं कुठून ते बघायला दोन गावांत वेचणी चालू असताना गेलो. बाया कमरेला खताच्या पोत्याची ओटी बांधून वेचत होत्या, कापूस भरतही त्यातच होत्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काड्यांना पोतं घासतं, उसवतं, धागा बोंडाबरोबर आत. मी उपदेश सुरू केल्यावर एक म्हातारी म्हणाली, "कापडाची ओटी तुमी देता का बाप्पा? हे पोतं तं फुकट हाय." आणखी एक गोष्ट तिथंच कळली. वेचणीची मजुरी किलोवर. पानोळा (वाळलेल्या पानांचा चुरा) आला तरी वजन, दंव असताना वेचलं तरी वजन. मग स्वच्छ वेचणारीनं स्वतःचं नुकसान का करून घ्यावं? डब्यात लाल वाटाणे टाकणारे आम्हीच होतो.

त्या सीझनला जुन्या सुती साड्यांच्या ओट्या शिवून नेहमीच्या शेतकऱ्यांना वाटल्या आणि सुती ओटीत वेचलेल्या कापसाची गंजी वेगळी लावली. तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी मालकांनी ओट्यांचा खर्च कापला, कारण तक्रारी कमी झाल्या होत्या. हसू नका, तुमच्याकडंही होईल.

दर्जा ठरवणं आणि दर्जा घडवणं यात गल्लत करू नका. आपल्या नागपूरला ॲगमार्कची, म्हणजे शेतमालाच्या दर्जाच्या सरकारी शिक्क्याची, केंद्रीय प्रयोगशाळा आहे. त्याचा कायदा 1937 चा. कापसाचं म्हणाल तर एचव्हीआय या रुई तपासायच्या मशीनवर धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (तंतू किती बारीक ते), रंग, कचरा सगळं आकड्यांत कळतं. पूर्वी ग्रेडर चिमटीत रुई ओढून सांगायचा, त्यापेक्षा हे शंभरपट बरं, भांडणं मिटली. खरेदी केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर 12 पर्यंत कपात, पुढं परत, हाही आकडा शेतकऱ्याला पाठ आहे. पण मोजून कापूस सुधारत नाही. मीटरवर 14 आला तर बंडी (कापसाची बैलगाडी) परत जाते, आणि तोच कापूस दोन दिवस उन्हात पसरून परत येतो किंवा व्यापाऱ्याकडं जातो. ओलावा दंवाच्या वेळी वेचण्यातून आला, हे मीटर सांगत नाही.

आता तुमच्या मालकांचं आयएसओ. त्याचं मूळ लष्करी खरेदीत आहे. प्रत्येक तोफगोळा तपासण्यापेक्षा पुरवठादाराची काम करायची पद्धतच तपासू, असा विचार. त्यातून 1979 साली ब्रिटनचं बीएस 5750 हे मानक आणि 1987 साली आयएसओ 9000 आलं. 1994, 2000, 2008 आणि 2015 मध्ये त्यात सुधारणा झाल्या. त्याच 1987 च्या आसपास मोटोरोलानं सिक्स सिग्मा आणलं, दहा लाखांत 3.4 चुका वगैरे. जिनिंगला ते सध्या ठेवून द्या, आपली गाडी अजून शेकड्यात आहे.

मालकांना दोन गोष्टी सांगा. एक, सर्टिफिकेट आयएसओ ही संस्था देत नाही. वेगळ्या प्रमाणन संस्था देतात. त्यांना मान्यता कोणाची आहे हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आठवड्यात घरपोच सर्टिफिकेट देणारे फोन येतील. दोन, हे सर्टिफिकेट रुई चांगली आहे असं म्हणत नाही. तुम्ही कसं काम करता ते ठरवलंय, तसंच करता, आणि चुकलं तर कारण शोधता, एवढंच ते म्हणतं. 2015 च्या आवृत्तीनं तर जाडजूड क्वालिटी मॅन्युअलची सक्तीही काढून टाकली आहे. तरी सल्लागार तीनशे पानांचं बाड विकतातच.

हेडफिटरनं जे पाहिलंय तेही मी पाहिलंय. एका ठिकाणी ऑडिटच्या आदल्या रात्री सहा महिन्यांची तापमानाची रजिस्टरं एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरली गेली. ऑडिटरनं पानं उलटली, सही केली, नागपूरची संत्री घेऊन गेला.

म्हणून तुम्ही आधी स्वतःची वही घाला. प्रत्येक पाळीला तीनच आकडे: आलेल्या कापसाचा ओलावा, रुईतला कचरा, आणि डब्यात निघालेलं प्लास्टिक किती ग्रॅम. समोर गंजीचा आणि गठाणींचा नंबर. 25 पाळ्या झाल्या की रेघा काढा. चार्ट ऑफिसात लावू नका, हेडफिटरच्या बाकड्यावर लावा, आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या. महिनाभरात तो तुम्हाला कापूस कोणत्या गावचा आहे ते आकड्यावरून सांगायला लागेल.

आणि आयएसओ घ्यायचंच ठरलं तर मालकांना सांगून ऑडिटरला जानेवारीत बोलवा, यार्डात बंड्यांची रांग लागलेली असताना. मे-जूनमध्ये जिन बंद असतात, शेड झाडलेली असते, आणि सगळीच रजिस्टरं सुंदर दिसतात.